अर्धशिशी आणि हजेरीपट

"डॉक्टर, दाखल्यावर अर्धशिशी लिहू नका, ताप लिहा."

रजेसाठी वैद्यकीय दाखला मागायला येणाऱ्यांपैकी काही जण हे वाक्य इकडेतिकडे पाहून, आवाज खाली करून सांगतात. त्यांच्या मागणीत लबाडी नसते. दोन दिवस त्या माणसाचे डोके खरोखरच फुटत असते आणि उलट्यांनी तो अर्धमेला झालेला असतो. पण कचेरीत 'ताप होता' म्हटले की साहेब मान डोलावतात आणि 'डोके दुखत होते' म्हटले की हसतात, हा त्याचा अनुभव असतो. खऱ्या आजारासाठी खोट्या आजाराचा दाखला मागावा लागतो, असा दुसरा रोग मला तरी ठाऊक नाही. (मी तसा दाखला देत नाही. त्यावरून काही मंडळी नाराज होऊन जातात. कारण पुढे येईलच.)

या सदरात आजवर डोकेदुखीच्या कारणांवर आणि औषधांवर बरेच लिहून झाले आहे. आज थोडा वेगळा प्रश्न घेऊ. ज्याचे डोके महिन्यातून चार, आठ, पंधरा दिवस दुखते त्याने नोकरी कशी करावी, आणि त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याने त्याच्याशी कसे वागावे? प्रश्न औषधाच्या दुकानाइतकाच हजेरीपटाचाही आहे, आणि या दुसऱ्या बाजूबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

आधी आजाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत 'अर्धावभेदक' या नावाने तिचे वर्णन आहे, म्हणजे हे काही नव्या धावपळीच्या जगाने आणलेले दुखणे नव्हे. डोक्याच्या एका बाजूला (कधी दोन्ही बाजूंना) ठणके मारतात, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, फोडणीचा किंवा अत्तराचा वास सहन होत नाही, आणि जिना चढला किंवा वाकले तरी ठणका वाढतो. औषध न घेतल्यास एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. तो ओसरल्यावरही एखादा दिवस डोके जड राहते आणि विचार सुचत नाहीत. महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीचे असतील, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल तर त्याला जुनाट म्हणजे 'क्रॉनिक' मायग्रेन म्हणतात.

हा आजार किती जणांना असेल? जगात साधारण दर सात माणसांमागे एकाला. बेंगळुरूच्या 'निमहान्स' या संस्थेच्या संशोधकांनी त्या भागातील शहरात आणि खेड्यांत घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा तिथे हे प्रमाण दर चार प्रौढांमागे एक इतके आढळले. बायकांत ते पुरुषांच्या दोन ते तीन पट असते. २०१६ सालच्या जागतिक रोगभाराच्या गणतीत, माणसाला जिवंतपणी निकामी करणाऱ्या आजारांत मायग्रेनचा क्रमांक दुसरा लागला, आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तर पहिला. ज्या वयात माणूस सर्वांत जास्त राबतो, नेमक्या त्याच वयात हा आजार जोर धरतो. शाळेच्या शिक्षकवर्गात, बँकेच्या शाखेत, मागाच्या शेडमध्ये, कुठेही वीस माणसे काम करत असतील तर त्यांत दोन-चार अर्धशिशीवाले असणारच.

मग ते दिसत का नाहीत? एक तर ते सांगत नाहीत. दुसरे म्हणजे त्यांच्यापैकी निम्म्या जणांना स्वतःलाच ठाऊक नसते. आपल्या भागात या दुखण्याचे नाव 'पित्त' आहे. उलटी झाली की डोके हलके होते, म्हणून दोष पोटाचा ठरतो, आणि वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या, कोकम सरबत आणि थंड दूध चालू राहते. उलटी हे अर्धशिशीचे लक्षण आहे, कारण नव्हे, हे मी आजवर किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. ज्यांचे 'पित्त' नसते त्यांचे 'सायनस' असते. कपाळ आणि गाल दुखतात, नाकातून पाणी येते, म्हणून एक्स-रे काढले जातात. तरी दर पंधरा दिवसांनी सायनस कसे काय होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. उरलेल्यांचा चष्म्याचा नंबर तपासून होतो. सोलापूर जिल्ह्यात तर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की सगळीच डोकेदुखी 'उन्हाची' ठरते. ऊन हे निमित्त खरेच आहे, पण त्याच उन्हात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे डोके दुखत नाही, याचा अर्थ काही तरी आपल्या मेंदूतच आहे.

ते काय, ते सांगतो. पूर्वी असे मानत की डोक्यातल्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात म्हणून ठणका लागतो. आता हा मूलतः मेंदूचा आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूचा आजार असल्याचे स्पष्ट झाले आहे. अर्धशिशीवाल्याचा मेंदू बदलाला फार लवकर दाद देतो. झोप कमी झाली तरी दुखते, जास्त झाली तरी दुखते. जेवण चुकले, चहाची वेळ टळली, पाळी जवळ आली, ऊन लागले, हवा पालटली की ठिणगी पडते. आठवडाभराच्या ताणानंतर रविवारी निवांत झाल्यावर डोके धरते, हा अनुभव कित्येकांना आहे. त्यावरून 'सुट्टीला बरे दुखते' अशी टिंगल होते, पण ताण उतरणे हाही बदलच असतो. घराण्यात हा आजार असण्याचा संभव मोठा. आईला 'पित्त' होते का, असे विचारले की बहुधा 'हो' असेच उत्तर येते.

आता कामाच्या जागेकडे वळू. आपल्याकडचे कामच असे रचलेले असते की जणू अर्धशिशी यावी म्हणूनच. एका विडी कामगार बाईचे उदाहरण घ्या. दिवसभर खाली मान घालून पाने कापायची आणि वळायची. मांडीवर सुपात तंबाखू, घरभर त्याचा दर्प. मजुरी हजार विड्यांवर. जितक्या वळल्या तितकेच पैसे, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा. ज्या दिवशी डोके उठते त्या दिवशी तिची रजा पडत नाही, कमाईच पडते. म्हणून ती काय करते? डोक्याला फडका करकचून बांधते, किराणा दुकानातून एक गोळी आणवते, आणि पुन्हा सुपाशी बसते. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या. माझ्याकडे आलेली एक बाई रोज तीन गोळ्या घेत होती, आणि त्यातली एक 'सकाळी उठल्यावर, दुखायच्या आत' असे तिने सहज सांगितले. चार वर्षे.

यंत्रमागाच्या शेडमध्ये वेगळी तऱ्हा. तिथला आवाज असा की शेजारच्याला सांगायचे तर कानाशी ओरडावे लागते. पत्र्याखालची धग. त्यात आठवड्याला पाळी पालटते. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. झोपेची घडी आठ दिवसांनी मोडायची असे ठरवूनच टाकलेले. बसच्या वाहकाची जेवणाची वेळ गाडीच्या वेळेवर. बँकेतल्या रोखपाल बाई उठूच शकत नाहीत, कारण समोर रांग आहे. पाणी प्यायले तर जावे लागेल म्हणून पाणीच प्यायचे नाही, असा नियम स्वतःवर घातलेल्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत, आणि त्याचे कारण शाळेतली स्वच्छतागृहे, हे सांगायला त्यांना संकोच वाटतो. ही डोकेदुखी डॉक्टरच्या चिठ्ठीने बरी होणार नाही. ती शाळेच्या व्यवस्थापनाने बरी करायची आहे.

शिक्षिकांवरून आठवले. काही जणांना डोके दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या, नागमोडी रेघा दिसतात, नजरेचा एखादा तुकडा नाहीसा होतो. फळ्यावर लिहीत असताना लिहिलेल्या शब्दाचे मधले अक्षरच दिसेनासे झाले तर माणूस घाबरणारच. हा अर्धशिशीचा पूर्वसंकेत असतो, याला 'ऑरा' म्हणतात, आणि तो ५ मिनिटांपासून तासाभरात निवळतो. मात्र त्या वेळात दुचाकी चालवू नये, गाडी बाजूला घ्यावी, चालत्या यंत्रावरून उठावे. बस, ट्रक, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी ही गोष्ट लपवणे म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळ आहे, इथे मी रोग्याची बाजू घेणार नाही. ज्या स्त्रियांना असा ऑरा येतो त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'माला-डी' किंवा 'माला-एन'सारख्या, इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या त्यांनी घेऊ नयेत, कारण त्यामुळे मेंदूच्या पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरे उपाय उपलब्ध आहेत, ते डॉक्टरांना विचारून निवडावेत.

गोळ्यांचा मुद्दा मात्र जरा सविस्तर सांगितलाच पाहिजे, कारण कामासाठी गोळी आणि गोळीमुळे पुन्हा डोकेदुखी, या घाण्याला जुंपलेली माणसे मला रोज भेटतात. दुखणे थांबवणारी साधी गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी, अर्गोटामाइन, ट्रिप्टान यांपैकी काहीही महिन्यात १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर औषधच डोकेदुखी निर्माण करू लागते. टपरीवर मिळणाऱ्या गोळ्या बहुधा या मिश्र जातीच्या असतात, आणि त्यांत कॅफीन, म्हणजे चहा-कॉफीतलाच उत्तेजक पदार्थ, घातलेला असतो. आधी तरतरी येते, उतरली की डोके धरते, मग पुन्हा गोळी. विडी वळणाऱ्या त्या बाईंचे नेमके हेच झाले होते. याखेरीज जठराला आणि मूत्रपिंडाला होणारा अपाय वेगळाच.

यावर उपाय गोळ्या थांबवणे हाच, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. पहिले दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत डोके आधीपेक्षा जास्त दुखते, आणि तिथेच बहुतेक जण हार खातात. म्हणून नोकरदाराने या कामासाठी रजा आधीच राखून ठेवावी. शिक्षकांनी दिवाळीची सुट्टी धरावी. अफूवर्गीय वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र त्या एकदम, मनानेच बंद करू नयेत.

उलट बाजूही आहे. 'गोळ्या वाईट' एवढेच ऐकून काही जण दात-ओठ खाऊन दुखणे सहन करतात आणि अगदी असह्य झाले की गोळी घेतात. हेही चूक. झटका भरात आला की पोटाचे काम मंदावते, गोळी तिथेच पडून राहते, किंवा उलटीवाटे बाहेर येते. घ्यायचीच तर ती पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पुऱ्या मात्रेत, गरज असेल तर मळमळ थांबवणाऱ्या औषधासह घ्यावी. मग ती खिशात, डब्याच्या पिशवीत, टेबलाच्या खणात हवी. घरच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. थोडक्यात, लवकर घ्यावी, पण आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक नाही. आठवड्याला दोनदा पुरेनासे झाले तर समजावे की आता रोज घ्यायच्या, झटका येऊच नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांची वेळ झाली.

अशी औषधे आहेत, आणि जुनी आहेत, स्वस्तही आहेत. प्रोप्रॅनोलॉल हे मूळ हृदयाचे औषध. १९६० च्या दशकात हृदयरोग्यांना ते देताना त्यांची अर्धशिशी कमी झाल्याचे लक्षात आले. दम्याच्या रोग्याला मात्र ते चालत नाही. अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही आणखी काही. यांपैकी काही औषधे गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतात, तेव्हा लग्न झालेल्या मुलींनी तसे स्पष्ट सांगावे. २०१८ पासून खास अर्धशिशीसाठी बनवलेली इंजेक्शने जगात वापरात आली, ती चांगली आहेत, पण आपल्या तालुक्याच्या खिशाला परवडणारी नाहीत, म्हणून त्यांचे कौतुक इथे लांबवत नाही. जुन्या औषधांबद्दल मात्र एक तक्रार नेहमी येते. 'आठ दिवस घेतले, काही फरक नाही.' फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात. निकाल लावायचा तर दोन-तीन महिने थांबून लावावा. आणि झटके पूर्ण बंद होतील अशी आशा धरू नये. आठचे चार झाले तरी ते औषध लागू पडले, असेच आम्ही म्हणतो. कामाच्या हिशेबाने पाहा. महिन्याला चार दिवस परत मिळाले.

आता साहेब, शेठ, मुख्याध्यापक आणि मुकादम यांच्यासाठी चार शब्द. आपल्या रजेच्या नियमांची घडण दीर्घ आजारासाठी झालेली आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. महिन्यात चार झटके येणाऱ्याच्या त्या दोन महिन्यांत संपतात. त्यानंतर १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाची २० दिवसांची अर्धवेतनी रजा आहे, ती वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, पण मग एका दिवसाला दोन दिवस खर्ची पडतात. सगळे नियम 'आजारी' आणि 'बरा' अशा दोनच अवस्था ओळखतात. अर्धशिशीवाला सकाळी दहाला ठणठणीत असतो, बाराला निकामी होतो आणि चारला पुन्हा उठून बसतो. त्याच्यासाठी नियमांत जागाच नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत, त्यांतही मायग्रेनचे नाव घेतलेले नाही. आणि ज्यांना रजाच नाही, त्या विडी, माग, शेतमजुरी आणि धुणीभांडीवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

माझे मत असे की या आजाराला रजेपेक्षा सवलतीची गरज अधिक आहे, आणि ती सवलत फार स्वस्त आहे. एक खोली किंवा खोलीचा कोपरा, जिथे पडदा ओढता येतो आणि सतरंजी पसरता येते. गोळी घेऊन वेळीच अर्धा-पाऊण तास अंधारात पडायला मिळाले तर अनेकांचा उरलेला दिवस वाचतो. ते मिळाले नाही तर माणूस खुर्चीवर बसून राहतो, हजेरी लागते, पण चार तासांत तो एक कागद हातावेगळा करत नाही. केलाच तर त्यात चुका. हजेरीपटावर हे नुकसान दिसत नाही म्हणून मालकाला ते होत नाही असे वाटते. माझ्या परिचयाच्या एका शाळेत प्रयोगशाळेलगतची साठवणीची खोली यासाठी मोकळी केली आहे. शिक्षिका तास सहकाऱ्याशी बदलून घेते आणि पुढच्या तासाला उभी राहते. खर्च एका पडद्याचा.

दुसरे, लुकलुकणारी ट्यूब आजच्या आज बदला. हिचा त्रास अर्धशिशीवाल्याला तुमच्याहून कितीतरी पट होतो. टेबल खिडकीच्या थेट तिरिपेत असेल तर ते सरकवा. मागाच्या शेडमध्ये कापसाचे बोळे पुरत नाहीत, कानात घालायचे चांगले इअरप्लग द्या. पाळी बदलायची तर एखाद्याला तरी सलग एकाच पाळीत राहू द्या. पाळ्या आपसांत बदलून घ्यायला तयार असणारे असतात. जेवणाची सुट्टी जेवणाच्या वेळी द्या. यातले एकही काम असे नाही की ज्याला वरून मंजुरी लागावी.

पण साहेबांना कळणार कसे? इथे रोग्याला पुढाकार घ्यावा लागेल. डोके दुखत असताना साहेबांच्या समोर जाऊन उभे राहू नये; त्या वेळी शब्द सुचत नाहीत आणि चेहरा पाहून समोरचा संशय घेतो. चांगल्या दिवशी, काम वेळेवर झालेले असताना, शांतपणे सांगावे. "सर, मला मायग्रेनचा आजार आहे, औषध चालू आहे. महिन्यातून तीन-चारदा झटका येतो. त्या वेळी अर्धा तास आडवे पडायला मिळाले तर मी दिवस पूर्ण करू शकते. तेवढा वेळ मी नंतर भरून देईन." एवढेच. रडगाणे नको, वैद्यकीय व्याख्यानही नको. एखाद्या सहकाऱ्याला विश्वासात घ्यावे, कारण ऐन वेळी तास किंवा खिडकी तोच सांभाळणार असतो.

आणि म्हणूनच मी दाखल्यावर 'ताप' लिहीत नाही. यंदा ताप, मग जुलाब, मग सर्दी-खोकला, अशी वर्षभरात दहा निरनिराळी कारणे ज्याच्या फायलीत दिसतात तो अधिकाऱ्याच्या लेखी कामचुकार ठरतो, आणि कागद पाहता अधिकाऱ्याचे चूकही म्हणता येत नाही. दहा वेळा एकच खरे नाव दिसले तर निदान एक आजारी माणूस दिसतो. बदलीच्या, पाळीच्या, बसण्याच्या जागेच्या अर्जाला तोच कागद उपयोगी पडतो.

रोग्याच्या स्वतःच्या हातात काय आहे? सगळ्यांत आधी वेळा. उठण्याची, जेवण्याची, झोपण्याची वेळ रविवारीही तीच ठेवावी. घरातून उपाशी निघू नये. चहा दिवसाला दोन कप, रोज त्याच वेळी; कामाच्या ठिकाणी येणारा-जाणारा पाजतो म्हणून सहा, आणि सुट्टीला शून्य, असे करू नये. उपासांचे काय, हा प्रश्न बायका हमखास विचारतात. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे महिन्याला चार-पाच उपास आणि तितक्याच वेळा डोकेदुखी असा हिशेब असेल, तर निर्जळी उपास सोडावा, फराळ वेळेवर करावा, पाणी भरपूर प्यावे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, विठोबा आपल्याला ओळखतो. तो यावर रागावेल असे वाटत नाही.

झटका येण्याच्या काही तास आधी अनेकांना सूचना मिळते. उगाच जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. ही सूचना ओळखता आली तर त्या दिवशीचे अवघड काम आधी उरकावे किंवा उद्यावर टाकावे, पाणी प्यावे, डबा लवकर उघडावा. घरी परतल्यावर बाईला दुसरी पाळी असते, तिथे मात्र कोणतीही सवलत चालत नाही, असे दिसते. झटक्याच्या दिवशी फोडणीच्या वासात उभे राहून तिने पोळ्या लाटाव्यात, आणि शेजारच्या खोलीत दूरदर्शनचा आवाज मोठा असावा, हे दृश्य मी इतक्या घरांत पाहिले आहे की यावर वेगळा लेख लिहावा लागेल. त्या दिवशी खिचडी कोणीही टाकू शकतो.

काही डोकेदुखी मात्र वेगळी असते, तिच्यासाठी आज-उद्या करू नये. आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणार्धात वीज पडावी तशी आलेली डोकेदुखी. तापासह मान ताठणे. हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे किंवा झटके येणे. डोक्याला मार लागल्यानंतरची. गरोदरपणातली किंवा बाळंतपणानंतरची नवी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली. आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी, खोकताना-शिंकताना बळावणारी. यांपैकी काहीही असेल तर गोळी, बाम, लेप यांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

बाकीच्यांनी घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग करावा. डोके दुखले त्या तारखेला फुली, गोळी घेतली तर जितक्या घेतल्या तितके ठिपके, पाळी आली तर गोल. बाईने काम किती तास बुडाले तेही कडेला लिहावे. दोन महिने पुरे. ग्रामीण रुग्णालयात जा, जिल्हा रुग्णालयात जा किंवा खाजगी डॉक्टरकडे, ही दोन पाने पाहून जेवढे कळते तेवढे पुष्कळदा महागड्या स्कॅनमधूनही कळत नाही. अर्धशिशीत स्कॅन बहुधा स्वच्छच निघतो आणि मग 'काहीच नाही, मनाचे आहे' असे ऐकावे लागते. पानांबरोबर गोळ्यांची रिकामी पाकिटेही पिशवीत घालून आणावीत. आपण काय घेतो ते विचारले की निम्मी मंडळी 'पांढरी, जरा लांबट' एवढेच सांगतात.